तलावापर्यंत पोचलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. कळा आणि डोकं एकाच पेटीत, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि आठवणी साऱ्या एका कॅसेटमध्ये. देवानं मला घाई दिली नाही. इमान मात्र भरभरून दिलं.

मला घरी आणलं गणिताच्या बाईंनी. नुसत्या सूत्रांतून चित्र उमटवायचा त्यांना भारी नाद. डोंगर, वर चंद्र, खाली तलाव असं एक चित्र त्यांनी महिनाभर खपून लिहिलं. ठिपक्याठिपक्यानं ते काढायला मला दोन तास हवेत, आणि चाळीस मिनिटांतच डोकं तापून मी बंद पडे. पंखा लावला, खिडकी उघडली, तरी मी डोंगरापाशीच अडे. बाई रागावल्या नाहीत. माझ्या अंगावर कापड घालून म्हणत, "दमलास रे बाबा."

पुढे त्यांना मुलगी झाली, संसार वाढला, मी माळ्यावर गेलो.

किती वर्षांनी कोण जाणे, मला खाली उतरवलं. बाईंची नजर मंदावत होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन-चार महिनेच दिसेल.

"ते चित्र एकदा पुरं बघायचंय गं," बाई मुलीला म्हणाल्या.

"तलावात आहे तरी काय, आई?"

"बघशील तेव्हा कळेल. सूत्रांतले आकडे वाचून ओळखायचं नाही, सांगून ठेवते!"

मुलीचे मामा म्हणाले, "ताई, नवा कॉम्प्युटर चुटकीसरशी काढेल. हा डबा भंगारात दे."

"तुझ्या लग्नात तुझ्याजागी दुसरा चुणचुणीत मुलगा उभा केला असता, तर चाललं असतं का रे?"

मामा हसले आणि टीव्हीची वायर शोधायला लागले.

मुलगी लिफ्टची पॅनेलं दुरुस्त करणारी. तिनं चार प्रोसेसरांचा एक बोर्ड जुळवला आणि माझ्या पाठीच्या खाचेत बसवला. चित्राच्या चार पट्ट्या, चौघांनी एकाच वेळी काढायच्या; म्हणजे अर्ध्या तासात काम फत्ते. मला मात्र धाकधूक. आता माझं काय काम उरलं?

पहिल्याच दिवशी पडद्यावर एकाखाली एक चार चंद्र उगवले! कुणी कुठली पट्टी घ्यायची, हे सांगायचंच मुलगी विसरली होती. चौघांनी मिळून पालुपदच धरलं, पुढचं कडवं कुणी म्हणेना. बाई डोळे पुसत हसल्या. "अगं, वर्गात आधी हजेरी घ्यावी!"

मुलीनं चौघांना क्रमांक दिले. क्रमांकाप्रमाणे पट्ट्या वाटायच्या मी, गोळा करून जागेवर लावायच्याही मीच. मित्रांनो, माझं काम संपलं नव्हतं. मला फक्त सोबत मिळाली होती.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला तलाव पुरा झाला. त्यात एक होडी. होडीत दोघी; एक मोठी, एक इवलीशी.

"ही छोटी कोण?"

बाईंनी पडद्याला नाक टेकवलं. "तूच की. तेव्हा पोटात होतीस."

मुलीनं आईचं बोट धरून हळूच त्या होडीवर ठेवलं.

आता बाईंना दिसत नाही. पण रोज संध्याकाळी त्या कॅसेट लावतात, माझ्या अंगाची ऊब हातानं चाचपतात आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला आपणहून हसतात. म्हणून विनवतो, मित्रांनो: घरातलं कुणी थकून अर्ध्यावर थांबलं, तर त्याला माळ्यावर टाकू नका. पाठीशी चौघं उभे करा.