वाटी कलली तेव्हा

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा पाहिली की मी आधी घाबरते, कारण मागाहून कळतं.

"हा ऑपरेशननंतरचा, हा आजचा. वाटी कललेली दिसतेय."

मलाही दिसत होती. सासूबाईंच्या खुब्यात बसवलेली धातूची वाटी पहिल्या चित्रात सरळ होती, आजच्यात एका कानावर ओढलेल्या टोपीसारखी. हाड वाढून वाटीच्या खरखरीत पाठीला धरतं, तोवर जपा, बुटक्या जागी बसू नका, असं घरी सोडतानाच बजावलं होतं. त्यात सासूबाईंचं हाड ठिसूळ.

"हलली असेल तर?"

"पुन्हा उघडावं लागेल. पण आधी आणखी एक एक्स-रे काढू."

बाहेर बाकावर सासूबाईंनी माझा हात धरला. "ते बुटकं स्टूल आहे ना, त्यावर मी बसत होते. तू आंघोळीला गेलीस की."

"आई..."

"कपाटाचा खालचा कप्पा आवरायला. आणि पडलेली कात्रीही वाकून उचलली. आता ओरडू नकोस."

ओरडायचं सुचतंय कुठे. मी सून होऊन आल्यापासून या बाईने एकही चूक कबूल केली नव्हती. एक्स-रेपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली.

एक्स-रे काढणाऱ्याने त्यांना टेबलावर निजवलं. आधाराला मी होतेच. तो भिंतीआड जायला वळला आणि थबकला.

"आजी, हे खाली काय सरकवताय?"

"शाल. टेबल गार आहे."

"एकाच बाजूला?"

"घडी केली की दोन्हीकडे पुरत नाही. म्हणून चांगल्या बाजूला घेतली."

"मघाशीही घेतली होती?"

"मघाशी काय टेबल गरम होतं?"

त्याने कपाळाला हात लावला, शाल माझ्याकडे दिली आणि पुन्हा एक्स-रे काढला.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी एकदाच पाहिलं. "कंबर एका बाजूने उचललेली होती, म्हणून वाटी तिरकी दिसली. ती जागची हललेली नाही. हाडही धरायला लागलंय."

शाल अजून माझ्या छातीशी होती, तिनेच मी डोळे पुसले.

घरी येताना मी विषय काढला. "आई, त्या स्टुलाचं..."

"कुठल्या स्टुलाचं?"

"मघाशी तुम्हीच म्हणालात."

"घाबरलेलं माणूस काहीही बरळतं. तू मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं. घरी पोचल्याबरोबर खुर्चीवर चढून स्टूल कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. सासूबाई उंच खुर्चीत, काठी टेकून, माझं काम निरखत होत्या.

"अजून आत सरकव," त्या म्हणाल्या. "तिथवर काठी पोचते."