डोळे मिटल्यावर

आईने लेकीच्या डोक्यामागची वायर पुन्हा काढली, केस बाजूला करून कातडी पुसली आणि पांढऱ्या पेस्टचा नवा ठिपका लावला.

"आई, दुखतंय."

"झालंच हं, चिमणे. आता डोळे मीट."

"चिमणी नको म्हणू ना. काका ऐकताहेत."

काका म्हणजे आईचे सहकारी. ते पडद्यासमोर बसून मेंदूच्या लाटा बघत होते. निरोगी मुलांचा मेंदू वाढताना कसा बदलतो, याची नोंद दोघं मिळून ठेवत, आणि लेक तर दुधाचे दात असल्यापासून दर वर्षी या खुर्चीत बसत आलेली. लहानपणी तिच्या लाटा मोठ्या, रेंगाळत चालणाऱ्या. वय वाढलं तशा त्या वेग धरू लागल्या. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला एकसारखी लय उमटायची. आईला ती तोंडपाठ होती.

यंदा मात्र लय गायब. डोळे मिटूनही पडद्यावर नुसती बारीक, विस्कटलेली रेघ. दुसऱ्याचं मूल असतं तर "बुजलंय हो जरा" म्हणून तिने हसत त्याच्या आईची समजूत काढली असती. स्वतःच्या पोरीपुढे तिची मतीच गुंग झाली. आत काही बिघडलं तर नसेल?

"वायरच सैल असणार," म्हणत तिने पुन्हा लेकीच्या केसांत हात घातला.

"वायरीला काही धाड भरलेली नाही," काका म्हणाले. "तुम्ही जरा बाहेर थांबा बघू."

"मी? अहो, माझ्याशिवाय ती कधी बसलीय का?"

लेक दाराकडे बघू लागली. तेच आईला लागलं. ती तणतणत बाहेर गेली, बाकावर बसली, लगेच उठली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

आत लेकीने खांदे सैल सोडले. डोळे मिटले. जरा वेळाने पडद्यावर लय उभी राहिली, मोठ्या माणसाची असते तशी, भरभर आणि ठसठशीत. आईचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ डोळे भरून आले, आणि ते नुसत्या आनंदाने नव्हेत हे तिला चांगलंच कळत होतं.

काकांनी वळून तिला हाताने आत बोलावलं.

दाराच्या मुठीवर तिचा हात गेलाच होता. लाटा अजून चालू होत्या. तिने नको म्हणून मान हलवली आणि बाकावर जाऊन बसली.