चिंचेनं घासलेला ट्रॉम्बोन

कांताबाईंनी चिंचेचा चोथा शेवटचा एकदा फिरवला, पाहुण्याचा ट्रॉम्बोन, ते लांब नळीचं फुंकायचं वाद्य, धुतला आणि फडक्यानं कोरडा केला. उद्या वैशाखी पौर्णिमा. बुद्धमूर्ती, तबक, समई, सगळं घासून झालं होतं. मग पाहुण्याचंच पितळ काळं कशाला? पुण्यात पाहुण्याची सरबराई होत नाही म्हणतात. कांताबाईंना हे बोलणं फार लागायचं.

पाहुणा म्हणजे एमिल, सत्तरीचा जर्मन वादक. लेक कल्याणी खराडीच्या कंपनीत कामासाठी जर्मन शिकलेली, म्हणून संध्याकाळच्या मैफलीच्या संयोजकांनी त्याला यांच्याकडेच उतरवलं होतं.

दुपारची झोप काढून एमिल बाहेर आला. वाद्य उचलून त्यानं अंगठा एका जागी नेला आणि तो घोटाळला. मग हसला, कल्याणीशी हळूच काही बोलला.

"काय म्हणतात गं?"

"छान झालंय म्हणतात."

"खरं सांग."

कल्याणीनं मान खाली घातली. "फुंकता फुंकताच गायचं, एका वाद्यातून दोन सूर काढायचे, हे यांनीच सुरू केलं, आई. जॅझवाले हसायचे. फक्त यांचे गुरू हसले नाहीत. त्यांनी आपला ट्रॉम्बोन यांना दिला. त्यावर गुरूंच्या अंगठ्याचा काळा डाग होता. यांनी तो कधी पुसला नाही."

कांताबाईंनी हात मागे घेतले. बोटांना अजून चिंचेचा वास होता. माफी मागायची ती कुठल्या तोंडानं आणि कुठल्या भाषेत?

संध्याकाळी एमिलनं फुंकरीच्या सुराखाली गळ्यातला सूर धरला तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं. कांताबाई बसूनच होत्या. त्याचा अंगठा पितळेवर सारखी ती जागा चाचपत होता, आणि त्यांना टाळी वाजवणं जमलं नाही.

सकाळी टॅक्सी दाराशी आली. एमिलनं पेटी उघडून ट्रॉम्बोन कांताबाईंपुढे धरला. आता आणखी काही बिघडायला नको म्हणून त्यांनी हाताला पदर गुंडाळून तो घेतला.

"चुकलं हो माझं," त्या मराठीतच म्हणाल्या.

एमिलनं पदर अलगद बाजूला केला. त्यांचा अंगठा धरून त्या जागेवर टेकवला आणि जरा दाबला.

लख्ख पितळेवर धुरकट ठसा उमटला. सवयीनं कांताबाईंचा पदर तो पुसायला पुढे झाला, आणि तिथेच थांबला.