हरणीचा वाटा

कुडाच्या पलीकडं हाड फुटल्याचा आवाज झाला, तशी जिवनबाईनं लेकीला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतलं. लेकीनं दोन घोट ओढले, तोंड सोडलं आणि पुन्हा रडायला लागली. बाहेर हरणी जेवत होती. कच्चा, ताजा, सशाचा अख्खा फरा, मागची तंगडी. मांस फाटल्याचा आणि मग हाड दाढेखाली गेल्याचा आवाज आत स्वच्छ ऐकू येत होता. जिवनबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. कुत्रीच्या जेवणानं आपल्या तोंडाला पाणी सुटावं, याची तिला लाज वाटली आणि मग राग आला.

कुरुंद्याच्या माळावरचा हा तांडा. यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता कुणी थोडी जमीन कसत होतं, बाकीचे दुसऱ्याच्या शेतात राबत होते. लढाईची सालं होती. सरकारी लेव्हीची माणसं खळ्यावरूनच ज्वारी उचलून नेत, आणि मजुरीला मिळणारं धान्य पायलीवरून शेरावर आलं होतं. जिवनबाईचा नवरा प्रेमसिंग पूर्णेकडं रेल्वेच्या खडीवर कामाला गेला होता. घरात सासरा थावरा, सासू जमनाबाई, ती आणि सव्वा महिन्याची लेक. आणि हरणी. लांब तोंडाची, पातळ कमरेची शिकारी कुत्री. पहाटे थावरा तिला घेऊन माळावर जाई आणि नशीब असलं तर एखादा ससा घेऊन परते.

थावरा ससा कापायचा तो झोपडीमागच्या सपाट दगडावर. तिथं जिवनबाई कधी गेली नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. त्यामुळं तिला माहीत होतं ते एवढंच: आधी हाड फुटल्याचा आवाज येतो, आणि मग जमनाबाई उरलेलं मांस परातीत घेऊन चुलीशी येते.

त्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"याडी, हरणीला भाकरीचा तुकडा घातला तर भागत न्हाई का?"

याडी म्हणजे आई. सासूला ती तसंच म्हणायची.

"भाकरीवर पळंल का ती?" जमनाबाई लाकूड पुढं सारत म्हणाली. "पळणाऱ्या जनावराला कच्चंच लागतं."

"मग शिजवून हाडं तरी द्या. रस्सा आपल्याला व्हईल."

"शिजल्या हाडाच्या फाका व्हत्यात. आतडं कापतं. माझ्या बापाची एक कुत्री तशीच गेली." तिनं भांड्यात पाणी ओतलं. "आधी तिचं, मग चुलीचं. तिनं धरला म्हणून तर भांडं चुलीवर चढलं."

"माझ्या अंगावर दूध न्हाई, याडी."

हळदीच्या काढणीला जाऊन जाऊन जमनाबाईचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. त्या हातांनी तिनं परातीतलं सशाचं काळीज शोधलं, निखाऱ्यावर भाजलं आणि जिवनबाईच्या हातावर ठेवलं. जिवनबाईनं ते खाल्लं. पण मनातला फरा काही जाईना. रात्री जमनाबाईनं आधी थावराला वाढलं, मग तिला वाढलं, आणि स्वतः नेहमीसारखी चुलीकडं तोंड करून, दिव्याला पाठ देऊन जेवली.

पुढच्या आठवड्यात थावराला हिवताप भरला. दिवसभर तो वाकळ पांघरून दाराशी बाजेवर पडून असे. घरातली ज्वारी संपत आली. जमनाबाई झुंजुरकाला, उजाडायच्या आत उठून तातेरावाच्या मळ्यात हळद काढायला जाई, ती दिवेलागणीला परते. हरणी दोन दिवस बाजेखाली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दिसली नाही.

"गेली वाटतं," थावरा वाकळेतून पुटपुटला. "पोटाला न्हाई तर काहून राहील?"

दुपारी जिवनबाई लेकीला झोळीत घालून बाहेर आली, तर हरणी माळ उतरून येत होती. तोंडात ससा. ती सरळ झोपडीमागं गेली, ससा सपाट दगडावर ठेवला आणि बाजूला बसली. तिच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. सशावर दाताच्या खुणा होत्या, पण तो फाटला नव्हता. उपाशी कुत्रीनं भरल्या तोंडानं एवढा माळ तुडवला होता.

जिवनबाईनं सुरी आणली. कातडं सोललं. घरात बघणारं कुणी नव्हतं. थावरा बाजेवर, जमनाबाई मळ्यात. सगळंच भांड्यात घातलं तर कोण विचारणार? कुत्रीला आतडी टाकली की झालं. तिनं फरा सोडवला. किती जड होता तो! तिनं परात जवळ ओढली.

हरणी उठली नाही, गुरगुरली नाही. फक्त फऱ्याकडं बघत राहिली, आपला वाटा येणारच आहे अशा भरवशानं.

कुडापलीकडून थावराचा आवाज आला. "ससा आणला का तिनं?"

जिवनबाईनं घुंगट ओढून घेतला. सासऱ्याला थेट उत्तर देता येत नव्हतं. ती कुत्रीकडं तोंड करून म्हणाली, "हरणी, ससा आणलास म्हणून सांग की बाबाला. आन इचार, वाटे कसे करायचे."

थावरा खोकला. मग म्हणाला, "तीन कर. एक माझा, एक सूनबाईचा, एक जमनाचा."

"आन तुझा गं, हरणी?"

"तिचा येगळा कुठला? जमनाचा वाटा तोच तिचा." तो दम खात बोलत होता. "सूनबाईला ठाव असंल की. बाळतपण झाल्यापासनं तसंच चालू हाय. त्याआधी आमी समदेच आपल्यातलं थोडं थोडं काढून देत व्हतो. मग जमना म्हणली, तुमाला माळावर पळायचंय, तिला लेकरू पाजायचंय. मी काय, बसून हळद काढती. मला रस्सा बास."

जिवनबाईच्या हातातली सुरी तशीच राहिली.

चुलीकडं तोंड करून जेवणारी पाठ तिला दिसली. रस्सा आणि भाकर. आणि दिवसभर कुदळीनं फोडलेली हळदीची जमीन. निखाऱ्यावर भाजलेलं काळीज आपल्या हातावर ठेवून गेलेली पिवळी बोटं.

लेक झोळीत हुंकारली. जिवनबाईनं खाली बसून वाटे केले, सावकाश, मांस हातानं जोखून. तीन झाल्यावर तिनं त्यांतला एक उचलला आणि हरणीपुढं धरला. हरणीनं आधी तिच्या हाताचा वास घेतला, मग वाटा अलगद तोंडात घेतला. हाड फुटलं. इतक्या जवळून तो आवाज जिवनबाई पहिल्यांदाच ऐकत होती. ती तिथंच बसून राहिली, कुत्रीचं जेवण होईपर्यंत.

"जेव, बाई," ती हळूच म्हणाली.

दिवेलागणीला जमनाबाई परतली. कमरेला हात लावून तिनं पाटी उतरवली. भांडं चुलीवर शिजत होतं. मांसाच्या वासानं ती दारातच थांबली.

"ससा? कुणी मारला?"

"हरणीनं. एकटीनं आणला."

जमनाबाईनं मागं जाऊन पाहिलं. हरणी दगडाशी निजली होती. पुढच्या पायांत चघळून पांढरं झालेलं हाड होतं.

ती आत आली. थावराची ताटली त्याला बाजेवर पोचली होती. चुलीशी दोन ताटल्या वाढून ठेवल्या होत्या. जमनाबाई आपल्या जागेवर बसली, भाकर मोडली आणि ताटलीकडं बघून थबकली. रश्श्यात मांस होतं. तिनं दुसऱ्या ताटलीकडं पाहिलं. तिच्यात रस्साच होता.

"हरणीनं कुणाचं खाल्लं?"

जिवनबाई लेकीला पाजत होती. तिनं पदर सारखा केला. "जेवा याडी. निवून राहिलं."

"अगं, तू पाजणारी बाई..."

"काळीज मी खाल्लं की. भाजून." तिनं मान वर केली नाही. "तुमी जेवा."

बाजेवरून थावरा म्हणाला, "जमना, उद्यापासनं वाटे सूनबाईच करंल."

"काहून?"

"तिचा हात बराबर पडतो."

जमनाबाईनं ताटलीतला मोठा तुकडा मधोमध तोडला आणि निम्मा जिवनबाईच्या ताटलीत टाकला. जिवनबाईनं तो परत केला नाही. मग जमनाबाईनं आपली ताटली उचलली, चुलीकडचं तोंड वळवलं आणि सुनेसमोर, उजेडात बसून जेवायला लागली.