फ्रिजची दुलई

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. उंचीने बेताचा, कधीकाळी पांढरा, आणि घरघर इतकी की पाहुणे दचकतात. एक गोष्ट आधीच सांगतो. कारखान्यात माझ्या पोटात कुणी थंडी भरली नव्हती. थंडी बनवताच येत नाही. मी आतली उष्णता उचलतो आणि पाठीवरच्या काळ्या जाळीतून खोलीत सोडतो, एवढंच.

पण हे काम सोपं नाही बरं. गरम चहा आपोआप निवतो. निवलेला चहा आपोआप तापलेला कुणी पाहिलाय? उष्णता स्वतःहून गरमाकडून गाराकडेच जाते. तिला उलट्या वाटेने न्यायला मी वीज खातो, आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. यातलं कणभरही नाहीसं होत नाही. सगळं पाठीतून बाहेर पडतं, म्हणून माझी पाठ तापते.

तेरा वर्षं मी एका शिंपीदादांच्या घरी आहे. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि मी. त्यांच्या लेकीला सातव्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हापासून माझ्या मधल्या कप्प्यात तिच्या इन्सुलिनच्या कुप्या असतात. दूध-भाजी खाली सरकली आणि माझा मान वाढला.

एकदा धूळ पुसताना दादांचा हात माझ्या पाठीला लागला. ती गरम! बाहेरची गरमी आत शिरते आहे, असं त्यांना वाटलं. झालं, त्यांनी कापूस भरून माझ्यासाठी जाड दुलई शिवली. अगदी मापात, दाराशी बटणं. शिंप्याचंच काम ते, कुठे फट म्हणून ठेवली नाही. मी नटलो खरा, पण गुदमरलो.

उष्णता बाहेर पडेना. मी न थांबता राबत होतो, तरी पोट तापतच गेलं. दुसऱ्या दिवशी लेकीने कुपी हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, ही कोमट लागतेय."

दादांचा चेहरा खर्रकन उतरला. महिन्याभराचं औषध होतं ते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ते आता टोचू नका. संध्याकाळच्या इंजेक्शनआधी दुसरी कुपी हवी होती. तिची आई दवाखान्यात धावली आणि वेळेत घेऊन आली. तोवर घरात कुणी पाण्याचा घोटही घेतला नाही.

मग दुरुस्तीवाल्या ताई आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, हा पाठीने श्वास सोडतो. तुम्ही त्याचं नाकच शिवलंत."

दादांनी कात्री घेतली आणि आपलीच शिवण उसवायला बसले. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला नाही. एवढ्या मायेने माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आमचं काम समजून घेऊन करा. मला भिंतीपासून थोडं दूर ठेवा, पाठीवरची धूळ झाडा आणि पाठ उघडी राहू द्या. ती तापली तर घाबरू नका. ती तापते, म्हणून तर त्या पोरीचं औषध गार राहतं.