चक्राला फुटलेल्या मिशा

रविकांत करमरकरांनी उभ्या आयुष्यात कुणावर पुराव्याशिवाय आळ घेतला नव्हता. आधी संशय घ्यायचा आणि मग त्याला साजेसा पुरावा शोधायचा, एवढीच त्यांची पद्धत होती.

“काका, आत तरी या, नाहीतर दार तरी लावा. गार वारा येऊन राहिला ना!” नंदन आतून ओरडला.

बाहेर कॅनडातल्या केंब्रिजचा जानेवारी होता. फाउंड्रीतल्या वाळवणीच्या खोलीचं दार चार बोटं उघडं धरून रविकांत पहारा देत होते. आत मेणाची चक्रं मातीचं कवच पांघरून वाळत होती. पुढे मेण वितळवून काढायचं, पोकळीत स्टील ओतायचं, की पंपाचं चक्र तयार. फक्त खोलीचं तापमान हलता कामा नये. हललं की कवचाला बारीक चीर जाते, चिरेत स्टील शिरतं आणि चक्राला मिशा फुटतात. महिनाभर त्या फुटत होत्या आणि महिनाभर माल भंगारात जात होता.

नंदन नागपूरचा, अजून प्रोबेशनवर. थंडी सोसवेना म्हणून हाच थर्मोस्टॅट चढवत असणार. रविकांतांनी थर्मोस्टॅटला कुलूप घातलं आणि दाराशी उभं राहायला सुरुवात केली. मिशा वाढल्या.

“किल्ली बनवून घेतली असणार लेकाने,” ते घरी म्हणाले.

“अहो, परवाच मंडळात त्याला तिळगूळ दिलात ना?” शुभदाताईंनी विचारलं.

“दिला. गोड बोलतोच आहे मी. लक्ष ठेवणं वेगळं.”

दुसऱ्या दिवशी नंदनने त्यांना लंचरूममध्ये गाठलं. “काका, मी हात नाही लावला हो थर्मोस्टॅटला. यामिनीला सातवा चाललाय. कन्फर्म नाही झालो तर कसं करू?”

न विचारता खुलासा! रविकांतांना हवा तो पुरावा मिळाला.

“शुअर, रवी?” मॅनेजर ग्लेनने विचारलं.

“शुअर.”

शुक्रवारी नंदनने लॉकर रिकामा केला. जाताना रविकांतांपाशी थांबला. “सांभाळून जा काका. पार्किंग लॉटमध्ये ब्लॅक आइस आहे, दिसत नाही पण पाय घसरतो.”

सोमवारपासून पहारा देण्याचं कारण उरलं नाही. दार बंद राहू लागलं. मिशा निम्म्यावर आल्या.

“बघ!” ते शुभदाताईंना म्हणाले.

एप्रिलमध्ये ओटावाहून गिऱ्हाइकाचा इंजिनियर आला. भंगारातलं एक चक्र उचलून त्याने विचारलं, “याला काय झालंय?”

रविकांतांनी मिशांवरून बोट फिरवलं.

“ही बाजू होय?” तो म्हणाला. “ही तर आम्ही लेथवर तासूनच टाकतो.”