घट्ट बसणारी काडतुसं

रूथ वॉर्नरच्या हातांना संधिवाताने धरलं, त्या उन्हाळ्यात तिने दादाराव मेश्रामांना आपल्या गॅरेजमध्ये नेऊन हॅलचं टेबल दाखवलं. हॅल तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण टेबल तसंच होतं. कडेला दांड्याने चालणारं छोटं दाबयंत्र, दारू तोलायचा तराजू आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यांत उडालेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या. हॅल काडतुसं विकत आणत नसे, वापरलेल्या नळ्या पुन्हा भरायचा. त्याच्यामागे रूथने ते चालू ठेवलं होतं. आता मात्र नळीच्या बुडाशी बसवायची मसुराएवढी टोपी तिच्या बोटांत धरवत नव्हती.

"तू जन्मभर मोजमापंच केलीस ना, राव?" ती म्हणाली. दादाराव हे नाव तिने पहिल्याच वर्षी एवढं छोटं करून टाकलं होतं. "मला एवढं करून देशील?"

अमेरिकेत ॲन आर्बर शहराच्या कडेला एका गल्लीत त्यांची घरं समोरासमोर होती. दादाराव नागपूरहून शिकायला आले आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. रूथ त्यांच्याहून मोठी, शाळेत लायब्ररियन होती. दादारावांची मुलगी लहान असताना त्यांच्या पत्नी कमलाताईंची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी असली की रूथच तिला स्कूल बसवरून घरी आणायची. तिला नाही म्हणणं दादारावांना जमण्यासारखं नव्हतं.

तरी त्यांनी एक दिवस मागून घेतला. घरात रोज सकाळी बुद्धवंदना होत असे, आणि पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. ते बोलत असताना कमलाताई मेथी निवडत होत्या. दर डिसेंबरला रूथ हरणाचं मटण देते आणि त्याचा काळ्या मसाल्यातला रस्सा तुम्ही ताट पुसून खाता, तेव्हा हे शील कुठे जातं, असं त्यांनी विचारलं. खाणं वेगळं आणि मारणं वेगळं, असं दादाराव म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की आपण काडतुसं भरायची आणि कागदावर नेम तपासायचा. पुढचं रूथचं रूथ बघेल.

कामाला लागल्यावर ते त्यात रमून गेले. रिटायर झाल्यापासून दुपार खायला उठायची, ती आता कमी पडू लागली. नळ्या स्वच्छ करायच्या, प्रत्येकीची लांबी मोजायची, दारूचा कण अन् कण तोलायचा, गोळी सरळ बसली की नाही ते फिरवून बघायचं. आठवड्यातून एकदा ते आणि रूथ गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जात. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्या झाडायच्या आणि भोकांचा पुंजका किती लहान आला ते मोजायचं.

रायफल हॅलची होती, पंप-ॲक्शन. रायफलच्या नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे केस, बाहेर पडायची आणि पुढे ढकलली की नवं काडतूस आत जाऊन बसायचं. जंगलात दुसरी गोळी पटकन झाडता येते म्हणून हॅलला ती आवडायची. पुंजका मात्र तळहाताएवढा यायचा.

"हरणाची छाती याच्या दुप्पट असते," रूथ म्हणायची. "मला एवढं पुरतं."

दादारावांना ते पुरेना. तळहाताएवढी चूक त्यांनी नोकरीत कधी पास केली नव्हती. त्यांनी दारू बदलून पाहिली, वेगळ्या वजनाच्या गोळ्या आणल्या, थोडा फरक पडला. मग कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं, की काडतूस उडताना पितळ फुगतं आणि त्या रायफलच्या पोकळीच्या बरोबर मापाचं होतं. नेमबाजीच्या स्पर्धांतले लोक अशी केस यंत्रात पूर्ण दाबून मूळ मापाला आणत नाहीत, नुसती मान दाबून गोळी धरण्यापुरती आवळतात. बाकीची तशीच ठेवली की काडतूस आत अजिबात हलत नाही आणि गोळी सरळ निघते. पंप रायफलसाठी हे करू नका, हेही तिथेच लिहिलं होतं. तिच्या मुठीत काडतूस रेटून बसवण्याएवढा जोर नसतो. रूथनेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की केस पूर्ण दाब, हॅल नेहमी तसंच करायचा.

दादारावांनी तरी करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात रेंजवर कागद जवळ आणला तेव्हा सगळी भोकं एका नाण्याने झाकता येत होती. पलीकडच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. नोकरी सुटल्यापासून असं कोणी त्यांचं काम बघायला आलं नव्हतं.

मूठ पुढे ढकलताना जड जात होती. दादाराव तळहाताने दणका द्यायचे, की बसायची. रूथने चालवून पाहिलं तेव्हा तिला दोनदा जोर लावावा लागला. तिने मनगट चोळलं.

"घट्ट लागतंय, राव."

"नवीन माप आहे," दादाराव म्हणाले. "सरावाने सैल होईल."

आपण काय बदललं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने नको म्हटलं असतं, आणि तो नाण्याएवढा पुंजका त्यांना सोडवत नव्हता. रूथने मान डोलावली आणि डबा गाडीत ठेवला.

नोव्हेंबरच्या मध्यावर शिकारीचा मोसम उघडला. उत्तरेला तीन तासांवर हॅलने बांधलेली लाकडी केबिन होती. दरवर्षी रूथ एकटी जायची. या वर्षी एवढं ड्राइव्ह तिला झेपणार नव्हतं म्हणून दादाराव आणि कमलाताईही बरोबर गेले. पहाटे रूथ केशरी कोट घालून बाहेर पडली, आणि कमलाताईंनी चुलीवर पिठल्याची तयारी सुरू केली. उजाडल्यावर थोड्या वेळाने एक बार ऐकू आला. दादाराव खिडकीशी उभे राहिले. लागला असेल, असं त्यांना वाटलं. एकाच गोळीत काम झालं याचा त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची जराशी लाजही वाटली.

रूथ बऱ्याच वेळाने बर्फातून सावकाश चालत आली. खुर्चीवर बसली आणि तिने रायफल टेबलावर ठेवली. मूठ अर्ध्यावर अडकलेली होती.

"गोळी सुटली आणि त्याच क्षणी हरणाने पाऊल टाकलं," ती म्हणाली. "मागे लागली, पोटात. दुसरी आत जाईना. मांडीला लावून ढकललं, झाडाला टेकवून ढकललं. ते तिथेच उभं होतं, राव. माझ्याकडे बघत उभं होतं. मग गेलं." तिने आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "यांच्यात काही उरलं नाही."

दादारावांनी मुठीकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मांडलेल्या गणितासारखं ते समोर होतं. कमलाताई गरम पाण्यात टॉवेल बुडवून रूथची बोटं शेकत होत्या. बोलायची वेळ तीच होती. दादाराव म्हणाले, "आधी ते शोधू या."

बाहेर येऊन त्यांनी रायफलचा दस्ता ओंडक्यावर टेकवला आणि दोन्ही हातांनी मूठ खाली खेचली. काडतूस निसटून बर्फात पडलं. ते त्यांनी उचलून खिशात घातलं. मग दोघं निघाले. रक्त थोडंच होतं, कधी गवताच्या पात्यावर, कधी बर्फात मिरचीच्या बीसारखा ठिपका. रूथ वाकून बघायची, थांबायची, पुन्हा चालायची. वाट देवदारांच्या दलदलीकडे उतरत गेली. दुपार कलंडल्यावर ते दिसलं. शिंगं नुकती फुटलेलं तरुण हरीण एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला बसलं होतं. माणसं पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय साथ देईनात. त्याने मान उंच धरली. नाकातून वाफ भराभर निघत होती.

रूथने कोटाच्या आतल्या खिशातून काडतूस काढलं. हॅलने भरलेली शेवटची काही काडतुसं आठवण म्हणून ती जवळ ठेवत असे. दादारावांनी ते रायफलमध्ये घातलं आणि मूठ पुढे सारली. ती एका बोटाच्या जोराने गेली. रूथने ते पाहिलं की नाही, हे त्यांना नंतर कधीच ठरवता आलं नाही.

तिने रायफल खांद्याला लावली, पण थंडीने हात थरथरत होते, टोक एका जागी राहीना. दादाराव जवळ सरकले आणि त्यांनी खालून नळीला आधार दिला. हरीण दहा पावलांवरही नव्हतं. बार झाला, धक्का त्यांच्या तळहातातून खांद्यापर्यंत गेला आणि हरणाची मान बर्फावर आडवी झाली. सकाळपासून ते त्या जखमेसकट जगत होतं. रूथने बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवला. हॅल असता तर हे झालं नसतं, ती म्हणाली, मीच थांबायला हवं होतं. दादाराव दुसरीकडे बघत उभे राहिले.

घरी परतल्यावर त्यांनी कमलाताईंना सगळं सांगितलं.

"मग आता समोर जा आणि तिलाही सांगा," त्या म्हणाल्या. "ती तिच्या हातांना दोष देतेय."

उद्या जातो, असं दादाराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी रूथ थकलेली होती. नंतर थँक्सगिव्हिंग आलं, तिच्याकडे पाहुणे होते. मग बर्फाचं वादळ आलं. कारणं मिळत गेली. कमलाताईंनी आणखी दोनदा आठवण करून दिली आणि मग बोलणं सोडून दिलं. त्या महिन्यातल्या एका रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये सामुदायिक वंदना होती. पहिलं शील म्हणताना दादारावांचा आवाज नीट लागला. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा त्यांना खोकला आला. बाकीचे पुढे गेले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

ख्रिसमसला रूथचा भाचा टॉड आला. तिने रायफल त्याला देऊन टाकली, बरोबर काडतुसांचे डबेही, हॅलची उरलेली आणि दादारावांनी भरलेली. खोकं जड होतं म्हणून ते गाडीपर्यंत दादारावांनीच उचलून नेलं. रूथ दारात शाल घेऊन उभी होती. गाडी वळेपर्यंत ती बघत राहिली, आणि मग दादारावांना म्हणाली की बरं झालं, वस्तू चालत्या हातांत गेली. तेव्हाही बोलता आलं असतं. गाडी अजून कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभी होती.

बर्फ वितळल्यावर एका सकाळी रूथने त्यांच्या दाराची बेल वाजवली. कमलाताईंनी तिला आत बसवलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. रूथने कोट काढला नाही.

"टॉड रेंजवर गेला होता," ती म्हणाली. "दुकानातली काडतुसं लोण्यासारखी जातात म्हणाला. हॅलचीही जातात. तुझी जात नाहीत. तो लाकडं फोडणारा माणूस आहे, राव, आणि त्याच्याही हातून अडकली. तू केस पूर्ण दाबल्या नव्हत्यास?"

"नाही," दादाराव म्हणाले. "फक्त मान. पुंजका लहान येत होता म्हणून."

"केबिनमध्ये तुला कळलं होतं?"

"रायफल पाहिली तेव्हाच."

रूथ खिडकीतून आपल्या घराकडे बघत राहिली. ती चिडेल, दार आपटून निघून जाईल, याची त्यांनी हिवाळाभर मनात तयारी केली होती. तसं काही झालं नाही.

"काडतुसाचं मी समजू शकते," ती शेवटी म्हणाली. "माणूस हट्टाला पेटतो. हॅलही पेटायचा. पण मी सगळा हिवाळा या हातांचा राग करत बसले. जिना उतरताना घाबरले, गाडी चालवायची सोडली, विणकाम उचलून देऊन टाकलं. मला वाटलं, मी संपले. आणि तू समोरच राहत होतास."

दादारावांनी माफी मागितली. टॉडकडून रायफल परत आणू, मी स्वतः जातो, सगळ्या केस नीट करून देतो, असंही ते म्हणाले. रूथने मान हलवली. तेव्हा एक-दोन मोसम हातांत होते, ती म्हणाली. आता खरंच नाहीत. डॉक्टरने मनगटांना पट्टे दिले आहेत. तिने बाही सारून ते दाखवले, आणि मग कमलाताईंनी आणलेला चहा पूर्ण प्यायली. घरी परतताना रस्ता ओलांडताना तिने कमलाताईंचा हात धरला होता.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मोसम उघडला त्या दिवशी रूथने दोघांना नाश्त्याला बोलावलं. कमलाताईंनी साबुदाण्याची खिचडी नेली. खाताना टॉडचा उत्तरेतून फोन आला. रूथ उभी राहून बोलू लागली. वारा कुठून होता, ओढ्याच्या वरच्या अंगाला उभा होतास की खालच्या, किती गोळ्या लागल्या, ते लगेच पडलं ना. तिचा आवाज बदलला होता. दादारावांना तो लायब्ररीतल्या रूथचा वाटला, त्यांच्या मुलीला बसवरून आणणाऱ्या. टॉडने मटण आणून देतो म्हटलं असावं, कारण ती हसली आणि तिने कमलाताईंकडे पाहिलं.

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. बाहेर हलका बर्फ सुरू झाला होता.

"पहिल्याच गोळीत," ती म्हणाली. ते नक्की कोणाला उद्देशून होतं, कळलं नाही.

मग ती वळली आणि तिने दादारावांना आणखी कॉफी हवी का ते विचारलं. त्यांना नको होती. पण कॉफीचं भांडं तिने दोन्ही हातांनी, मनगटाचे पट्टे आवळून, आधीच उचललं होतं. ते हो म्हणाले आणि कप पुढे करून तिचं ओतून होईपर्यंत धरून राहिले.